कुणाशी, ते आधी सांग

‘मी पार्टीचा प्राण असतो,’ मी वाचलं.

आत्या सोप्यात बसून शेंगा फोडत होती. हात थांबवले नाहीत, मान तेवढी वर केली.

‘कुठल्या पार्टीचा? समितीच्या का काँग्रेसच्या?’

बेळगावात पार्टी म्हटलं की हाच प्रश्न येणार. चूक तिची नव्हती, भाषांतर माझं होतं. मूळ इंग्रजी वाक्यातली पार्टी म्हणजे हातात पेला घेऊन उभ्यानं गप्पा मारायची संध्याकाळ. वडगावच्या विणकर गल्लीत तसलं काही होत नाही. होतं ते बारसं, साखरपुडा, हळदीकुंकू आणि तेराव्याचं जेवण. तिथं कुणी प्राण व्हायला बोलवत नाही, वाढायला बोलवतात. म्हणून मी वाक्य बदललं : ‘चार माणसांत मी असलो की रंगत येते.’

‘कुठली चार माणसं, ते आधी सांग.’

‘कुठलीही गं.’

‘कुठलीही कशी? तुझी काकू त्यात हाय का न्हाई, त्यावर हाय ते.’

ही स्वभावाची चाचणी होती; वाक्य स्वतःला किती लागू पडतं त्याचा एक ते पाच यातला एक आकडा सांगायचा होता. तिनं सांगितला नाही. मी पुढच्या वाक्याकडं वळलो. एकूण पन्नास वाक्यं होती. आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी जातो, मी करतो’ असंच म्हणतात, त्यामुळं क्रियापदं बदलत बसायचं काम तरी वाचलं होतं. पुण्यात हे सांगितलं की लोक हसतात.

हा उद्योग मी काढला तो रागातून. नोकरीच्या ठिकाणी आम्हा सगळ्यांची ‘पर्सनॅलिटी टेस्ट’ झाली आणि निकालात प्रत्येकाच्या हाती चार इंग्रजी अक्षरं पडली. सोळा खोकी, त्यातलं एक तुमचं. दुसऱ्या दिवसापासून माणसं एकमेकांना अक्षरांनी ओळखायला लागली. ‘तू आय आहेस ना, मग प्रेझेंटेशन दुसऱ्या कुणाला देऊ.’ (आय म्हणजे इंट्रोव्हर्ट, अंतर्मुख.) मी धारवाडला मानसशास्त्रात एम. ए. केलं. ते पोटापाण्याच्या कामी आलं नाही, पण अशा वेळी आतून ढोसण्या देत राहतं. ही सोळा खोक्यांची चाचणी कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या मांडणीवरून बेतली. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. तो काही गुन्हा नव्हे. खरी गोम वेगळीच आहे, तिच्याकडं नंतर येतो.

गणपतीला घरी आलो तेव्हा ठरवलं, की या शास्त्रातली त्यातल्या त्यात प्रामाणिक चाचणी आपल्या घरातल्या सगळ्यात ‘ठरलेल्या’ माणसावर करून बघायची. आत्याचा स्वभाव आमच्या घरी माझ्या जन्माआधीच ठरलाय. आत्या तुसडी. घरी आलेल्या पाहुण्याला ती पाणी देते, आणि भांडं खाली ठेवल्याचा आवाज पाहुण्याला ऐकू येतो.

मानसशास्त्र ज्याला ‘ट्रेट’ म्हणतं, त्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत गुणविशेष म्हणतात. माणूस वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी बऱ्यापैकी सारखं वागतो, आणि ते वागणं इतरांपेक्षा वेगळं असतं. त्यामागं एक टिकाऊ प्रवृत्ती आहे असं आपण मानतो, तो गुणविशेष. ‘मानतो’ म्हणायचं, कारण तो कुणी पाहिलेला नाही. दिसतं ते वागणं. मराठीनं हे काम कधीच प्रत्ययांवर सोपवून टाकलंय. चिडला ही एका संध्याकाळची गोष्ट, चिडका ही जन्माची. रडला आणि रडका, विसरला आणि विसराळू, लाजली आणि लाजाळू, भांडला आणि भांडखोर. किती वेळा विसरलं की माणूस विसराळू होतो? दहा वेळा? की एकदाच, पण सासरच्या माणसांसमोर? प्रत्यय लावणारा मोजत बसत नाही. ते मोजायचं कसं, यावर गेली सव्वाशे-दीडशे वर्षं माणसं डोकी फोडून घेतायत.

आणि त्याची सुरुवात शब्दकोशातून झाली, हे मला फार आवडतं. १८८४ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी शब्दसंग्रह चाळून अंदाज बांधला, की स्वभाव सांगणारे इंग्रजी शब्द हजारभर तरी असतील. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी वेबस्टरचा जाडजूड कोश पालथा घातला आणि १७,९५३ शब्द काढले. त्यातले कायमच्या स्वभावाचे म्हणता येतील असे साडेचार हजारांच्या आसपास. बाकीचे तात्पुरत्या मनःस्थितीचे, निव्वळ निंदास्तुतीचे, नाहीतर असेच किरकोळ. त्यामागचा विचार साधा होता. माणसामाणसांतला जो फरक लोकांना रोज जाणवतो, त्याला भाषा कधी ना कधी शब्द देतेच. शब्द गोळा केले की फरकही गोळा होतील.

मीही एकदा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घेऊन बसलो होतो. १८५७ ची आवृत्ती, ६०,००० च्या आसपास शब्द. कोशातले आणि घरच्या बोलण्यातले शब्द मिळून वहीत उतरवायला लागलो : आगाऊ, आडमुठा, आतल्या गाठीचा, उतावळा, कजाग, कुचकट, कोडगा, खवट, खाष्ट, खुनशी, घुमा, चेंगट... ‘त’ यायच्या आधीच दम संपला, त्यामुळं तुसडा काही वहीत आला नाही. पण जेवढं झालं तेवढं वाचून आधी हसू आलं आणि मग ते हळूहळू गेलं. दोषांचे शब्द किती बारीक कातलेले! नुसत्या कंजुषीला कंजूष, चिक्कू, कृपण, कवडीचुंबक, शिवाय आमच्याकडं कन्नडातला जिपुण आहेच. कौतुकाची वेळ आली की मात्र गुणी, सालस, चांगला यांवर भागतं. दुसरी गोष्ट, खाष्ट आणि कजाग हे शब्द मी कुणा पुरुषाला लावलेले ऐकले नाहीत. बाई खाष्ट असते. तसाच वागणारा तिचा सासरा ‘कडक’ असतो. ऑलपोर्टना कोशात माणसाचा स्वभाव दिसला. मला माझ्या वहीत गल्लीतली माणसं कट्ट्यावर बसून दुसऱ्या कुणाबद्दल बोलताना दिसली.

एवढ्या शब्दांच्या ढिगाचं करायचं काय? रेमंड कॅटेल यांनी तो गाळत गाळत ३५ गटांवर आणला आणि १९४९ मध्ये सोळा घटकांची प्रश्नावली काढली. युक्ती अशी, की पुष्कळ माणसांना स्वतःबद्दल किंवा एकमेकांबद्दल गुण द्यायला लावायचे आणि कुठले शब्द जोडीनं वर-खाली होतात ते बघायचं. ज्याला बोलघेवडा म्हणतात त्यालाच उत्साही आणि मनमोकळाही म्हणत असतील, तर त्या तिन्ही शब्दांच्या खालून एकच धागा गेलाय. १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करणारे ट्युप्स आणि क्रिस्टल यांना आठ वेगवेगळ्या गटांच्या माहितीत पाचच धागे पुन्हा पुन्हा सापडले. त्यांना ‘बिग फाइव्ह’ हे नाव दिलं लुइस गोल्डबर्ग यांनी, १९८१ मध्ये : बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि अनुभवांबद्दलचं खुलेपण. माझ्या हातातली पन्नास वाक्यंही गोल्डबर्ग यांच्याच संचातली. प्रत्येक घटकाला दहा वाक्यं, आणि तो संच कुणालाही फुकट वापरता येतो.

पाच म्हणजे पाचच, असं मात्र नाही. हान्स आयसेंक तिनावर ठाम होते. पुढं ॲश्टन आणि ली यांनी कोरियन, हंगेरियन, इटालियन अशा भाषांतले शब्द घेतले तेव्हा सहावा धागा निघाला, प्रामाणिकपणा आणि नम्रतेचा. बोलिव्हियातल्या त्सिमाने या आदिवासी जमातीतल्या ६३२ माणसांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये छापून आला, आणि त्यात हे पाच काही नीट उभेच राहिले नाहीत. त्याच वर्षी हिंदीतल्या शब्दांवरचंही काम आलं. त्यात अभ्यासकांना सत्त्व, रज, तम यांची छाया दिसली. वाचून मला बरं वाटलं. का वाटलं, ते नीट सांगता येणार नाही.

तर सोप्यात.

‘मी अनोळखी माणसांत गप्प असतो.’

‘कन्नडात का मराठीत?’

‘माझ्याकडं शब्दांचा साठा मोठा आहे.’

‘तिन्ही भाषा धरून सांगू?’ तिसरी म्हणजे गल्लीच्या टोकाच्या मुसलमान विणकरांच्या घरी बोलायची दखनी.

‘मी लोकांचा अपमान करतो.’

‘ज्याचा करायचा त्याचा.’

‘मी बहुतेक वेळ निवांत असतो.’

यावर ती हसली. ‘माग चालू असला की.’ हे तिनं गंमत म्हणून सांगितलं नव्हतं. तिचं लहानपण कांड्या भरण्यात गेलं. आता शेजारी पॉवरलूम आहेत, दिवसभर खडखडाट असतो, आणि तो थांबला की हिचा जीव खाली-वर होतो. मी प्रेमानं सांगून पाहिलं, की आत्या, प्रसंग सोड, सर्वसाधारणपणे तू कशी आहेस ते सांग. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी तिला सर्वसाधारणपणे किती वाजलेत ते विचारलं होतं.

चिडचिड झाली. मग रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं, की या विषयातलं सगळ्यात मोठं भांडण शेंगा फोडता फोडता तिनं माझ्यासमोर मांडलं होतं.

१९६८ मध्ये वॉल्टर मिशेल यांनी तोवरचं संशोधन तपासून दाखवलं, की चाचणीतले गुण आणि एखाद्या प्रसंगातलं प्रत्यक्ष वागणं यांचा सहसंबंध (पूर्ण मेळ असेल तर तो १) साधारण ०.३० च्या पलीकडं जात नाही. म्हणजे कागदावरून माणूस थोडासाच कळतो. त्याच्या चाळीस वर्षं आधी हार्टशोर्न आणि मे यांनी शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा तऱ्हेतऱ्हेनं तपासला होता, आणि वर्गात कॉपी करणारं पोर खेळात लबाडी करेलच असं काही त्यांना आढळलं नव्हतं. मिशेलनंतर बरीच वर्षं नुसती लठ्ठालठ्ठी चालली. गुणविशेषवाल्यांची बाजू सावरली ती सीमोर एप्स्टाइन यांनी, १९७९ मध्ये. त्यांचं म्हणणं होतं, एका प्रसंगावरून काय ताडता, पुष्कळ दिवसांची सरासरी घ्या. तशी घेतली की सातत्य बरंच वाढतं. कुठल्याही विणकराला हे पटेल. एका हाताच्या कापडावरून कुणी ठाणाचा भाव करत नाही.

मला सगळ्यात पटलेलं काम २००१ सालचं, विल्यम फ्लीसन यांचं. त्यांनी माणसांना दिवसातून अनेक वेळा, सलग काही दिवस विचारलं : आत्ता, या तासाभरात, तुम्ही किती बोलके होता? दिसलं असं, की एकच माणूस आठवड्याभरात घुम्यापासून बडबड्यापर्यंत सगळीकडं फिरून येतो. पण त्याची सरासरी मात्र पुढच्या आठवड्यातही जवळजवळ तिथंच असते. म्हणजे दोन्ही बाजू बरोबर होत्या, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. आत्याला ते पुरलं नसतं. सरासरी कुठं आहे हा तिचा प्रश्नच नव्हता. कुणाशी, हा होता.

त्याचं उत्तर परत मिशेल यांच्याचकडं सापडतं. शोदा आणि राइट यांच्यासोबत त्यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांची भांडणं तासन्‌तास टिपली. दोन मुलं सारखीच भांडखोर, पण एक मोठ्यांनी दटावलं की उसळायचा, दुसरा बरोबरीचं पोर नुसतं जवळ आलं तरी. बेरीज सारखी, माणसं वेगळी. ‘अमुक झालं, तर तमुक’ अशी प्रत्येकाची स्वतःची घडी, आणि ती घडीही टिकाऊ.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आत्याबरोबर बैलहोंगलला गेलो होतो. तेव्हा ती साड्यांचं गाठोडं घेऊन एसटीनं बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक करायची. (बस कर्नाटकाची, पण आमच्या घरी ती एसटीच.) एका वाड्यात ती पायरीवर बसली, गाठोडं सोडलं, आणि ‘ऊटा आतेनरी अक्का?’ अशी जी सुरू झाली ती दोन तास थांबली नाही. हसत होती. कुणाच्या तरी सुनेची नक्कल करून दाखवत होती. उधारी मागतानासुद्धा समोरची बाई हसत होती. मी घाबरलो, अगदी खरं सांगतो. वाटलं, ही आपली आत्या नव्हे. परतताना बसमध्ये मी विचारलं, तू तिकडं एवढी कशी बोललीस? ती म्हणाली, ‘बोलल्याशिवाय साडी जाते होय?’ आणि सांबऱ्याच्या आसपास कधीतरी तिचा चेहरा पुन्हा घरचा झाला.

धंद्यासाठी केलेलं सोंग, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. आता तसं म्हणवत नाही. भावाच्या घरी परत आलेली बहीण होती ती. त्या घरात तिनं दोन वाक्यं जास्त बोलली तर त्याचे चार अर्थ निघत. तुसडी हा शब्द ज्यांनी दिला त्यांनी तिला फक्त तिथंच पाहिलं होतं.

दोन दिवसांनी शेजारची मुलगी आली. ती कन्नड माध्यमात शिकलेली. तिला म्हटलं, हीच वाक्यं आत्याला कन्नडात विचार. ती प्रत्येक वाक्याला ‘री’ जोडत गेली, कारण उत्तर कर्नाटकातल्या कन्नडात मोठ्या माणसाशी ‘री’शिवाय बोलताच येत नाही. आत्यानं या वेळी आकडे दिले. भराभर दिले. बहिर्मुखतेची बेरीज मराठीतल्या (मी जमेल तशा वसूल केलेल्या) बेरजेपेक्षा बरीच वर गेली.

यातून काही सिद्ध होत नाही. विचारणारी व्यक्ती बदलली, ऐकायला दोन बाया जमल्या, आणि दुसऱ्या खेपेला प्रश्न ओळखीचे झालेले असतातच. धारवाडला असा प्रयोग दाखवला असता तर सरांनी वही परत फेकली असती. पण २००६ मध्ये रामिरेझ-एस्पार्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पॅनिश-इंग्रजी अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्यांवर नीट, मोठ्या प्रमाणावर हेच केलं होतं. तीच माणसं इंग्रजीत उत्तरं देताना अधिक बहिर्मुख, अधिक सौजन्यशील, अधिक कर्तव्यदक्ष निघाली. फरक छोटा होता, पण होता. त्यांचं स्पष्टीकरण असं, की भाषा बदलली की तिच्यासोबत त्या समाजातली वागण्याची रीतही मनात जागी होते.

आता ती खोक्यांची गोम. बहिर्मुखता मोजली तर माणसांचे दोन ढीग पडत नाहीत. एकच ढीग पडतो, मधोमध फुगलेला. बहुतेक जण तिथंच. खोकीवाली चाचणी बरोबर त्या फुगवट्यातून रेघ मारते, आणि मांडीला मांडी लावून बसलेली दोन माणसं दोन अक्षरांत जातात. महिन्याभरानं तीच चाचणी परत दिली तर अक्षर बदलणारेही पुष्कळ निघतात. हे समजायला आमच्या जिल्ह्यात आकृती काढावी लागत नाही. १९५६ मध्ये एक रेघ आली. १९६७ मध्ये महाजन आयोगानं तिच्यात फेरफार सुचवले, २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला, बेळगाव शहर आहे तिथंच. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांचा. त्याबद्दल माझं मत काय ते गल्लीत माहीत आहे, इथं तो विषय नाही. विषय एवढाच, की जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात नाव एकाच भाषेचं लिहायचं असतं, आणि आत्यानं तिथं मराठी सांगितल्यावर तिचा बैलहोंगलचा पायरीवरचा अवतार कुठल्याच कागदावर उरत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी वाक्यांचा कागद बॅगेत टाकत होतो. आत्या म्हणाली, ‘काय करूलास रे? थांब. आता तुझं मी भरतो.’

हीसुद्धा मान्य पद्धत आहे. ओळखीच्या माणसाकडून गुण घ्यायचे. काही बाबतींत ते आपल्या स्वतःच्या गुणांपेक्षा जास्त भरवशाचे निघतात. मी वाक्यं वाचायला लागलो.

‘कामं लगेच उरकतो.’

‘एक.’

‘अनोळखी माणसांत गप्प असतो.’

‘पाच.’

‘दुसऱ्याच्या भावना समजून घेतो.’

‘तीन लिही. दोन नको, तुझी आई वाचेल.’

जोन्स आणि निस्बेट यांनी १९७१ मध्ये लिहून ठेवलंय, की आपण स्वतःच्या वागण्याचं कारण प्रसंगात शोधतो आणि दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात. २००६ मधल्या एका मोठ्या आढाव्यात हा फरक वाटला होता तेवढा ठळक निघाला नाही. आढावा घेणाऱ्यांनी वडगावला यायला हवं होतं. पन्नासच्या पन्नास वाक्यं दहा मिनिटांत संपत आली, आणि ‘कुणाशी?’ असं तिनं एकदाही विचारलं नाही.

‘वस्तू जागेवर ठेवायला विसरतो.’

‘पाच,’ आत्या म्हणाली. ‘आणि माझा चष्मा कुठं ठेवलास ते सांग.’